आधी आवाज आला

शेजारच्या काकूंनी दोनच गोष्टी ऐकल्या होत्या. माईचा ओरडा, "थांब, सापड तू मला!" आणि लगेच पोरीची किंकाळी. दार उघडून त्या बाहेर आल्या, तर खारू गल्लीच्या कोपऱ्यावर आडवी पडलेली आणि माई तिच्यावर वाकलेली. तेवढ्यावर काकूंनी काय ते ठरवून टाकलं.

खारू तेरा वर्षांची. एका जागी बसणं माहीत नाही, म्हणून घरात तिला खारूताई म्हणत, त्याचं खारू झालं. तिची आई गेल्यावर बापाने दुसरं लग्न केलं, ती ही माई. चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, बोलायची कमी. बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. निरोप मिळाला तेव्हा तो कुठल्याशा इमारतीच्या माथ्यावर होता. हात पुसायचंही भान न राहता तो दवाखान्यात पोचला. आत्या त्याच्याआधीच आली होती. तिला काकूंनी फोन केला होता.

अपघात विभागातला तरुण डॉक्टर एक्स-रे दिव्यासमोर धरून बराच वेळ बघत राहिला. कमरेच्या पुढच्या उंचवट्याचा एक कपचा हाडापासून सुटला होता.

"पडली म्हणता?" त्याने माईला विचारलं.

"हो. पळत होती."

"नुसतं पडून इथलं हाड असं मोडत नाही." त्याने माईच्या हातांकडे पाहिलं, मग सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलं. खारूला एकटीला विचारायचं होतं.

दाराआडून खारूचा आवाज ऐकू आला. "मला कोणी ढकललं नाही." पण ती ते इतकं हळू आणि खाली मान घालून म्हणाली की ऐकणाऱ्याला उलटच वाटावं.

"बघितलंस?" आत्या भावाच्या कानाशी लागली. "पोर घाबरलीय. हाड काय आपोआप मोडतं? काकूंनी कानांनी ऐकलंय सगळं."

 बाप माईजवळ जाऊन उभा राहिला. "अगं, रागाच्या भरात हात वगैरे... तसं काही नाही ना झालं?"

"नाही," माई म्हणाली. एवढंच. त्याने मान हलवली आणि डॉक्टर कधी बाहेर येतो म्हणून दाराकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाडांच्या डॉक्टरीणबाई आल्या. पन्नाशीच्या, घाईत नसलेल्या. त्यांनी एक्स-रे पाहिला, मग चादर बाजूला करून खारूची कंबर नीट न्याहाळली. कुठे वळ नाही, खरचटलेलं नाही.

"मला एकच सांग. आधी पडलीस की आधी दुखलं?"

खारूने पहिल्यांदा वर पाहिलं. "आधी आवाज आला. कट्ट असा. मग पाय उचलेचना, म्हणून पडले."

"जोरात पळत होतीस?"

"खूप."

बाईंनी सगळ्यांना आत बोलावलं. "हिला कोणी मारलेलं नाही. मांडीचा स्नायू इथे हाडाला घट्ट धरून असतो. तो दोरासारखा चिवट, पण या वयात हाडाचं टोक अजून कच्चं असतं. एकदम झेप घेतली की स्नायू तुटत नाही, हाडाचाच तुकडा ओढून काढतो. पळणाऱ्या पोरांमध्ये आम्ही हे बघतो."

"म्हणजे ऑपरेशन?" बापाने विचारलं.

"तुकडा फार सरकलेला नाही, त्यामुळे गरज नाही. कुबड्या घेऊन चालायचं, त्या पायावर भार टाकायचा नाही. झोपताना गुडघ्याखाली उशी, म्हणजे स्नायू सैल राहील. चोळायचं नाही, ताणायचं नाही. मग मी सांगेन तसा हळूहळू व्यायाम."

एवढं ऐकूनही आत्याचं समाधान झालं नाही. घरी आल्यावर ती तेलाची वाटी गरम करून खारूच्या खोलीकडे आली. माई दारातच आडवी आली.

"चोळायचं नाही म्हणाल्यात."

"माझ्या भाचीला मी हात लावायचा नाही? की अंगावर काय आहे ते दिसेल म्हणून?"

माईचा चेहरा उतरला, पण ती दारातून हलली नाही. आतून खारू ओरडली, "आत्या, तेल नको! आणि तिला काही बोलू नकोस!" मग तिला रडूच फुटलं. "कंबर कितीतरी दिवस दुखत होती माझी. माईला कळलं, तिने पळण्याच्या सरावाला जायचं नाही म्हणून बूट लपवले. मी शोधून काढले आणि पळाले. ती मला थांबवायला मागे आली होती. माझीच चूक होती, म्हणून मी बोलले नाही."

 आत्या वाटी घेऊन माघारी फिरली.

बाप माईच्या मागोमाग ओट्याशी आला. "मी उगाच विचारलं तुला."

"विचारलंत त्याचं काही नाही," माई भांडी विसळत म्हणाली. "बापाने विचारायलाच हवं. पण मी नाही म्हटल्यावरही तुम्ही डॉक्टर काय सांगतो याचीच वाट बघत होतात." तो तिथेच उभा राहिला. मग विसळलेली भांडी एकेक करून पुसायला लागला.

हाड जुळून आलं. पुढच्या तपासणीत बाईंनी एक कुबडी सोडायला सांगितली. पळण्याचं नाव मात्र अजून काढायचं नव्हतं. आत्या हट्टाने सोबत आली होती. सगळे बाहेर पडत असताना ती मुद्दाम मागे रेंगाळली. माई खारूची ओढणी घ्यायला परत वळली, तेव्हा तिला ऐकू आलं.

"बाई, पण समजा कोणी ढकललं, तर होऊ शकतं का हो असं?"

"ते मी पहिल्याच दिवशी सांगितलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आत्या वळली आणि समोर माईला पाहून जरा चपापली. "विचारून घेतलेलं बरं असतं," ती म्हणाली.

"हो," माई म्हणाली. ओढणी उचलून ती जिन्याकडे गेली. खारू कठड्याला धरून तिची वाट बघत होती, कारण बाप पुढे होऊन हात देत असूनही तिला उतरायचं होतं ते माईचा खांदा धरूनच.