आत फोन वाजतोय

मी एक जुनं पितळी कुलूप आहे, आणि माझ्या कपाळावर हा एवढा मोठा पोचा आहे. तो कसा पडला ते सांगायला मी कधीचा धडपडतोय. पण मित्रांनो, अगदी पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुमचा घोटाळा होईल.

कारखान्यात मला ओतलं, घासलं, पोटात किल्लीशिवाय न हलणारे लिव्हर बसवले. दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणायचा, "हे न्या! चोर फोडता फोडता दमेल आणि घरी जाऊन झोपेल!" मी असा फुगायचो म्हणून सांगू! मग नगरपालिकेने मला घेतलं आणि मदत केंद्राच्या दाराला लावलं. केंद्र कसलं, एक खोली आणि आत एक फोन. कुणी पडलं, कुठे आग लागली, कुणाची छाती दुखली, की लोक तिथे फोन करायचे. तिथे कामाला असलेल्या ताई फोन उचलायच्या, पत्ता विचारायच्या आणि गजांच्या खिडकीतून ओरडायच्या, "मामा, निघा!" की शेडमधले ड्रायव्हरमामा अ‍ॅम्ब्युलन्स घेऊन सुसाट.

संध्याकाळी आणि रविवारी मात्र ताई मला लावून घरी जायच्या. माणूस एकच, त्यालाही घरदार असतंच की! गाव तेव्हा चिमूटभर होतं, निभावून गेलं. मग नदीपलीकडे नवी वस्ती झाली, तिच्या पलीकडे आणखी एक. गाव वाढलं, फोन वाढले, ताई तेवढ्या एकच राहिल्या. माझ्या पाठीमागे, बंद खोलीत, फोन वाजायचा आणि वाजून वाजून गप्प व्हायचा.

एका रविवारी दुपारी तो वाजायला लागला, तो थांबेचना. शेडमागच्याच खोलीत राहणारे मामा जेवणावरून उष्ट्या हाताने धावत आले. किल्ली ताईंच्या पर्समध्ये, आणि ताई बहिणीकडे दुसऱ्या गावी. मामांनी जॅकचा दांडा आणला आणि माझ्यावर घातला, धाड! पुन्हा धाड! "उघड ना, मेल्या!" ते रडकुंडीला आले होते. मला उघडायचं होतं हो! पण मी चोरासाठी बनवलेला. मामा चोर नाहीत हे माझ्या लिव्हरना कोण सांगणार? शेडमध्ये टाकी भरलेली गाडी, चालवायला माणूस तयार, आणि जायचं कुठे ते फक्त त्या फोनला ठाऊक.

फोन थांबला. थोड्या वेळाने शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून एक शाळकरी मुलगी आली. तिचे बाबा रंगारी, नव्या वस्तीत परांचीवरून खाली पडले होते, पाठ हलवता येत नव्हती, त्यांना मोटरसायकलवर बसवणार तरी कसं?

"मी किती फोन केला," ती म्हणाली. "तुम्ही उचलला का नाही?"

मामांनी माझ्याकडे बोट केलं. मग तिला गाडीत घेतलं आणि निघाले. बाबांना घेऊन दवाखान्यात पोचले, पण ते वाचले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "जरा आधी आणलं असतं तर..."

ताईंनी मला काढलं आणि नगरपालिकेच्या सभेत टेबलावर ठेवलं. "साहेब, तिन्ही पाळ्यांना माणसं द्या. दिवसरात्र, सणासुदीला, सुट्टीला, आत कुणीतरी पाहिजे."

अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुमचं पटतंय हो. पण तीन पाळ्यांचे पगार आणायचे कुठून? आणि बंद असताना फोन असा कितीदा वाजतो?"

"ते मोजायलासुद्धा आत माणूस लागतो, साहेब."

कुणीतरी खोकलं. कुणीतरी मला उचलून पोचा पाहिला आणि म्हणालं, "ड्रायव्हरला समज द्या. सरकारी वस्तूची काय ही दशा!" पगारांचं पुढच्या वर्षी बघू असं ठरलं. आणि नवं, माझ्याहून दणकट कुलूप तिथल्या तिथे मंजूर झालं. एकमताने, मित्रांनो!

ती मुलगी मागच्या बाकावर आईजवळ बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आत्ता वितळून जावं.

आता मी खोलीच्या आत, कागद उडू नयेत म्हणून टेबलावर पडलेला असतो. तो फोन मला पहिल्यांदा दिसला. केवढासा आहे! ताईंनी कुणाला न सांगता नव्या कुलपाची दुसरी किल्ली मामांना दिली. "रविवारचं तुम्ही बघा," म्हणाल्या. आज रविवार. मघाशी फोन वाजला, मामांनी दार उघडून उचलला. "हां, बोला... पुलाच्या अलीकडे? आलोच!" आणि दार सताड उघडं टाकून गाडीकडे पळाले. मी खूश! गाडी कोपऱ्यावरून वळली.

आणि फोन पुन्हा वाजला.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू आपल्याला जपा म्हणून विनवतात. मला जपू नका, खुशाल गंजू द्या. नव्या कुलपालाही गंजू द्या. फक्त घरी मोठ्यांना विचारा, मामा गाडीवर गेल्यावर या खुर्चीत कोण बसणार? आजच विचारा. दार उघडं आहे, मी फोनच्या अगदी शेजारी आहे, आणि मला हात नाहीत. अजून वाजतोय तो.