सह्यांचा पाहुणचार

"अंबू, कपाट उघडताना हात कोरडे असू देत. आणि कागदांशी बोलत जाऊ नकोस, त्यांना सवय लागते."

वामनराव हे इतक्यांदा म्हणत, की ते गेल्यावरही त्यांचा आवाज कपाटाच्या कडीपाशी राहिला होता. अंबुजाबाई हात कोरडे करत असत. बोलणं मात्र त्यांना आवरलं नाही. मंगळवारी सकाळी सगळ्या सह्या कागदांवरून उतरून देवघरापुढे येऊन बसल्या होत्या.

बाईंचा चातुर्मासाचा नेम होता. आंघोळ झाली की देवांपुढे रांगोळीनं गोपद्मं काढायची, मगच चहा. त्या दिवशी रांगोळीचा डबा घेऊन आल्या, तर काढायला जागाच नाही. बुडालेल्या गिरणीच्या शेअरवरची अध्यक्षांची सही ऐसपैस पसरली होती. कुठल्याशा संस्थानच्या दिवाणांची मोडीतली सही भिंतीला टेकून होती. जुन्या हुंड्यांवरच्या सावकारांच्या बारक्या सह्या एकीला एक चिकटून मुंग्यांसारख्या बसल्या होत्या. वामनरावांनी जन्मभर रद्दीवाल्यांच्या ढिगांत हात घालून हे सगळं जमवलेलं.

आणि उंबऱ्याशी, सगळ्यांच्या मागे, त्यांची स्वतःची सही होती. निळ्या शाईची, खालची रेघ थरथरती. दवाखान्यातून घरी आल्यावर, नवं पेन चालतंय का बघायला एका पाकिटाच्या पाठीवर केलेली. बाकी सारं ते शिसपेन्सिलीनं लिहीत, आणि ते पुसून गेलं होतं. त्यांच्या हातचं घरात आता एवढंच होतं.

बाई दचकल्या नाहीत. त्यांनी पाटावर गोपद्मं काढली आणि चहा ठेवला.

खालच्या मजल्यावरची सुरेखा फडतरे फुलं द्यायला आली ती दारातच थबकली. "अगंबाई! काकू, एवढे पाहुणे? कुणाकडचे?"

"ह्यांचेच. कपाटातले."

"न बोलावता आले?"

बाई विचारात पडल्या. "काल पूजेत देवांना आवाहन केलं, अक्षता वाहिल्या. तोच हात कपाटाकडेही वळला बघ. ह्यांचाही देवच की तो."

"आणि विसर्जन?"

"देवांचं केलं."

"म्हणजे कपाटाचं राहिलं." सुरेखा पदर तोंडाला लावून हसली. "मग भोगा आता. आलेल्याला उपाशी धाडायचं नाही. पाट तरी पुरतील का तुमचे?"

बाईंनी वरणभात केला, वर तूप घातलं. कुणी शिवलं नाही. मग दिवाणांची सही भिंतीवर चढली आणि तिनं कॅलेंडरातला महिना खाल्ला. जेवायचं काय ते सगळ्यांना कळलं. हिंगाच्या डबीवरची अक्षरं गेली, औषधांच्या पट्ट्यांवरची गेली. बाईंनी वर्तमानपत्र पसरून दिलं. पाहुण्यांनी ते स्वच्छ खाल्लं, चित्रं तेवढी ठेवली. वामनरावांची सही मात्र कशालाच तोंड लावत नव्हती. बाई जेवल्याशिवाय ते जेवत नसत, आणि बाईंच्या घशाखाली आज घास उतरत नव्हता. सही फिकी पडत चालली होती.

दुपारी बाईंनी पोथी उघडली, तर पानं पांढरी. पाठ आहे की, असं म्हणून डोळे मिटले. जे पानावर नव्हतं ते पाठही नव्हतं.

सुरेखा पुन्हा दारात आली होती. या वेळी हसत नव्हती. "काकू, मला हाक काय मारतात हो?"

बाईंनी तोंड उघडलं. नाव जिभेवर होतं, पण चोखून टाकलेल्या कोयीसारखं, नुसतं गुळगुळीत. "बाळ," त्या म्हणाल्या. "मी तुला बाळच म्हणते."

"बरं," ती म्हणाली आणि खाली गेली. जिन्यावरून बाईंना दिसलं, दोन्ही दारांवरच्या पाट्या कोऱ्या होत्या आणि ती मधोमध उभी होती, कुठलं दार आपलं ते न कळून.

आता निरोप देणं भाग होतं. पण निरोपाची अक्षता सगळ्यांवर पडते. ती पडली, की उंबऱ्याशी बसलेली सहीही उठणार.

तेवढ्यात मिरजेचे तांबोळी आले. जुन्या नोटांचा, सह्यांचा त्यांचा धंदा. वामनरावांशी त्यांची वर्षानुवर्षं कागदांची देवघेव चाललेली. "वहिनी, पाटी कुठं गेली? भाऊंच्या चपला बघून दार ओळखलं." त्यांनी कपाट उघडलं, एकेक कागद उजेडात धरला. "सही नाही तर ही रद्दी हो. किलोवर जाईल."

"सह्या गेल्या नाहीत. जेवतायत."

तांबोळींनी वळून बघितलं आणि नकळत टोपी नीट केली.

बाईंनी मुठीत अक्षता घेतल्या, निरोपाचे शब्द पुटपुटले. जेवढे उरले होते तेवढे. अध्यक्ष पुढच्या दारानं गेले, दिवाण खिडकीतून, सावकार मोरीच्या जाळीतून. खाल्लेली अक्षरं त्यांनी सोबत नेली. बाईंच्या चिमटीत एक दाणा राहिला.

"एक राहिला, वहिनी."

"राहू दे."

तांबोळींना सगळं समजलं. "पण उपाशी किती दिवस टिकेल ती?" त्यांनी कपाटाच्या तळातून एक जाड कागद काढला. कधीच न निघालेल्या नोटेचं हाती रंगवलेलं चित्र होतं ते. कणसांची पेंढी घेतलेली बाई, भोवती केसाहून बारीक रेघांची जाळी, आणि उजव्या कोपऱ्यात सहीसाठी सोडलेली जागा. अक्षर एकही नव्हतं, म्हणून ते वाचलं होतं. "हिथं बसवा. नोटेवरची सही हलत नाही. भूक नाही, तहान नाही. जन्मभर तुमच्यापाशी."

बाईंनी चित्र जमिनीवर ठेवलं. सही उंबऱ्यावरून आली, कागदावर चढली आणि रिकाम्या जागेत बसली. बघता बघता ती गडद झाली. बाईंचे डोळे भरून आले.

मग जाळीच्या रेघा हळूहळू जवळ सरकू लागल्या. एक सहीच्या खालून गेली, एक वरून. खालची रेघ थरथरायची थांबली. सरळ झाली, छापल्यासारखी. पहिलं अक्षरही सरळ होऊ लागलं.

"बघा, बसली," तांबोळी म्हणाले.

"हे असं सरळ कधी लिहीत नसत हो."

बाईंनी पदराच्या टोकानं सही उचलली. जाळी थोडी ताणली गेली, मग सुटली. मुठीत घेतल्यावर रेघ पुन्हा थरथरू लागली. चिमटीतला दाणा त्यांनी तिच्यावर ठेवला.

"पोचवते हं," त्या मुठीला म्हणाल्या. दारातून निघालेल्या पाहुण्याला म्हणावं तसं. "वेशीपर्यंत येते मी. एकटं नाही जायचं."

"वहिनी, वेस कुठल्या गावाची?" तांबोळींनी खरोखरच विचारलं.

बाईंना ते सांगता आलं नाही. त्यांनी गॅस बंद आहे ना ते पाहिलं, दार ओढून घेतलं आणि जिना उतरल्या. बाजारात दुकानांच्या पाट्या पांढऱ्या होत्या. माणसं एकमेकांना अदबीनं "आपण कोण?" विचारत होती आणि उत्तराची वाट बघत उभी होती. स्टँडवर एकाही एस.टी.ला पाटी नव्हती. जिचं इंजिन चालू होतं, तिच्यात बाई चढल्या.

"कुठं?" कंडक्टरनं विचारलं.

"वेशीपर्यंत. दोन."

त्यानं दोन कोरी तिकिटं फाडून दिली. बाईंनी खिडकीकडची जागा सोडली आणि त्या कडेला बसल्या.