पाऊण तासाने दम सोडणारी गाडी

आमच्या सूनबाईला एक वाईट खोड आहे. माणूस दमून बसला की ती त्याला प्रश्न विचारते. चहा आणून देईल, रिकामा कप न्यायला हात पुढे करील आणि तेवढ्यात विचारील, "पण असं का होतं?" मी माझ्या सासूला अठ्ठावीस वर्षांत तीन प्रश्न विचारले असतील, आणि त्यातला एक 'मीठ कुठे ठेवलंय' हा होता.

आणि वेळ कसली निवडावी? घरात अकरा दिवस सुतक असल्यासारखं होतं. ट्रक अंगणात उभा होता. माझा मुलगा त्यातून खाणीची खडी नेतो. डोंगराचा चढ चढून पलीकडे टाकायची, रिकामं परत यायचं, पुन्हा भरायची. घर त्याच्यावर चालतं. गाडी एकवीस वर्षांची. माझ्या नवऱ्याने घेतली, तो गेला त्यालाही नऊ वर्षं झाली. दर आठवड्याला ती मी स्वतः धुते. सुनेला हात लावू देत नाही, ती कोपरे सोडते.

तर ती गाडी आता ओढत नव्हती. चढाच्या मध्यावर आली की आवाज बसायचा. पाय तळाला टेकला तरी पुढे सरकायची नाही, आणि मागे अडकलेले ड्रायव्हर आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

मुलाने करायचं काही शिल्लक ठेवलं नाही. डिझेलचा फिल्टर बदलला, हवेचा फिल्टर बदलला. नोझल काढून तपासून आणले आणि ठेवले कुठे, तर मी जेवते त्या ताटात. सायलेन्सर उतरवून त्यात काठी घालून बघितली, एक मेलेली पाल निघाली. सगळं जोडून गाडी सुरू केली की दहा मिनिटं अशी गुरगुरायची, जणू हिला कधी काही झालंच नव्हतं. दोनदा खाणीवर नेऊन बघितली. दोन्ही वेळा मान खाली घालून परत आला. जेवताना घास हातात धरून झोपायचा. मी काय बोलणार? माझेही गुडघे पाना दे, चिंधी दे करून बोलायला लागले होते.

बाराव्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "चार वाजता भंगारवाला येतोय. त्याला गाडी देऊन टाकतो."

"आणि तू काय करणार?"

"दुसऱ्याची चालवीन."

दुसऱ्याची चालवायची म्हणजे त्याच्या वेळेला उठायचं, त्याच्या शिव्या खायच्या. त्यातून सुटायला माझ्या नवऱ्याची अर्धी हयात गेली होती. पण पोराचं तोंड बघून मी नुसता चहा त्याच्यापुढे सरकवला. थकलेल्या माणसाला धीर देणं म्हणजे त्याला आणखी एक काम लावणं.

सूनबाई मात्र गप्प राहील तर शपथ. कप घेता घेता म्हणाली, "अहो, निघाल्यापासून किती वेळाने तिचा दम जातो?"

"चढावर जातो. सांगितलं ना."

"चढ किती वेळाने लागतो?"

"पाऊण तास."

"मग ते चढामुळे होतं की पाऊण तासामुळे?"

मुलाने तिच्याकडे असं बघितलं, जसं मी तिच्याकडे रोज बघते.

"अगं, त्याला जरा टेकू दे," मी म्हटलं. "तू काय मेकॅनिक लागून गेलीस?"

"नाही, आई. नुसतं विचारतेय." आणि पुन्हा त्याच्याकडे वळून, "बंद पडल्यावर तुम्ही काय करता?"

"काय करणार? उतरतो. डिझेल आहे का बघतो. थोडा वेळ थांबतो. परत सुरू करतो."

"मग चालते?"

"चालते. पुन्हा पाऊण ता..." तो थांबला. कान खाजवला. "दहा मिनिटांच्या वर इथे चालू ठेवून बघितलीच नाही मी. उगाच डिझेल कशाला जाळायचं म्हणून."

"आता ती भंगारातच चाललीय," सूनबाई म्हणाली. "जाळू या."

जेवणं झाल्यावर गाडी सुरू केली. ॲक्सिलेटरवर वीट ठेवली. मी पायरीवर बसले, मुलगा बोनेटला टेकून उभा राहिला, आणि सूनबाई स्वयंपाकघरातलं घड्याळ भिंतीवरून उतरवून कडेवर घेऊन आली. त्या आवाजात बोलता येत नव्हतं, तेवढीच शांतता. अर्धा तास गेला. चाळीस मिनिटं गेली. मुलाचे डोळे मिटायला लागले. मग आवाज हलला. आधी जरा घोगरा झाला, मग खाली खाली जायला लागला, आजारी माणसाच्या कण्हण्यासारखा. वीट होती तिथेच होती.

मुलगा म्हणाला, "झालं. आता घरातही मरायला लागली."

सूनबाईने घड्याळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि काठी उचलली. आमच्या गाडीचा डिझेलचा काटा कधीच मेलाय. टाकीचं झाकण उघडायचं, काठी बुडवायची, ओल कुठवर आली ते बघायचं, ही आमची पद्धत. झाकण तिला निघेना. दोन्ही हातांनी पिळलं. निघालं तेव्हा टाकीने सूऽऽ करून हवा ओढून घेतली, मला पायरीवर ऐकू आली. थोड्याच वेळात गाडीचा आवाज वर चढायला लागला, आणि चढला तो पहिल्यासारखा मोकळा.

मुलगा बोनेटवरून सरळ उभा राहिला. त्याने झाकण परत घट्ट लावलं. आम्ही तिघंही वाट बघत बसलो. साडेतीन होत आले तेव्हा आवाज पुन्हा बसला. त्याने झाकण उघडलं. सूऽऽ. आवाज चढला.

"हवा," तो म्हणाला. "डिझेल जातं तेवढी हवा आत यायला पाहिजे. येत नाही म्हणून टाकी ते धरून ठेवते. रस्त्यात मी दर वेळी झाकण उघडत होतो, मागच्यांच्या हॉर्नमध्ये ते सूऽऽ कधी ऐकूच आलं नाही, आणि मला वाटायचं, विश्रांतीने बरं वाटतंय तिला." त्याने गाडी बंद केली. "झाकणाला आतून बारीक भोक असतं, बघ गं."

सूनबाईने झाकण उलटं केलं. मला बघायची गरज नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी गाडी धुताना मला त्या भोकातून डिझेल ओघळलेलं दिसलं होतं. मी घासलेल्या पत्र्यावर काळा ओघळ! म्हटलं, एवढी मोठी गाडी बनवणाऱ्याला झाकणाचं भोक बुजवता आलं नाही? नळ गळतो तिथे लावतात तो राखाडी गोळा मळला, आत दाबून बसवला, अंगठ्याने गुळगुळीत केला. माझ्या घरात एकही डबा असा नाही की ज्यातून मुंगीला आत जाता येईल. टाकीही तशीच केली. कोणाला सांगायचं काय त्यात?

सूनबाईने त्या राखाडी ठिपक्याकडे बघितलं. त्यावर माझ्या अंगठ्याच्या रेषा स्वच्छ उठल्या होत्या. मग माझ्याकडे बघितलं. मग जमिनीकडे.

"माती बसलीय," ती म्हणाली. "खाणीतली. सुकून दगड झालीय." आणि झाकण मुठीत मिटलं.

मी सुटले. खोटं कशाला सांगू, छातीवरची पाटी कोणी उतरवल्यासारखं वाटलं.

पण मुलगा पायरीवर माझ्या शेजारी येऊन बसला, आणि त्याच्या तोंडावर आनंद नव्हता. "आज इथे माती," तो म्हणाला. "उद्या पंपात जाईल, परवा आणखी कुठे. म्हातारी झाली ती, आई. माझ्यात आता पुन्हा अकरा दिवस नाहीत. जाऊ दे तिला."

फाटक वाजलं. भंगारवाला वेळेच्या आधी आला होता. आत येता येताच त्याने टायरवर लाथ मारून बघितली. माझ्या गाडीच्या टायरवर! "मावशी, नमस्कार. कागद काढून ठेवलेत ना?"

सूनबाई माझ्याकडे बघत होती. तिचा एकही प्रश्न बाहेर पडत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा ती गप्प बसली, ती नेमकी तेव्हा.

मी गुडघ्यावर हात टेकून उठले. "माती नाही ती," मी मुलाला म्हटलं. "मी बुजवलंय ते भोक. पत्रा खराब होत होता म्हणून. गाडीला काही झालेलं नाही. झालं ते माझ्या हाताने."

मुलगा माझ्याकडे वळला. "तू?"

"मग काय शेजारीण? झाकण बघ, अंगठा आहे माझा."

त्याने सुनेच्या हातातून झाकण घेतलं, बघितलं, आणि चेहरा दोन्ही हातांत धरला. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय. हसत होता. दमलेला माणूस हसतो तसं, आवाज न करता. "अकरा दिवस, आई," एवढंच म्हणाला. मग खिशातून खिळा काढला आणि तिथेच बसून तो राखाडी गोळा टोकरायला लागला. भंगारवाल्याला त्याने मान वर न करता सांगितलं, "गाडी द्यायची नाही. तुमची खेप वाया गेली, चहा घेऊन जा."

चहा ठेवायला सूनबाई आत गेली, मी तिच्या मागोमाग गेले. ती घड्याळ परत खिळ्याला अडकवत होती. पाठमोरीच म्हणाली, "आई, मला वाटलं, तुम्हाला सगळ्यांसमोर कमीपणा नको."

"इकडे बघ," मी म्हटलं. "तू मनाने चांगली आहेस, ते मला लग्नाच्या दिवसापासून माहीत आहे, कधी बोलले नाही. पण आज तुझ्या त्या चांगुलपणात आणि माझ्या तोऱ्यात माझ्या पोराची गाडी जात होती. यापुढे मी चुकले तर सगळ्यांसमोर सांगायचं, मोठ्याने. मला राग येईल, चार दिवस तुझ्याशी बोलणार नाही. तो राग माझा मी बघून घेईन. तुझ्याकडून खोटं मला नको, तुला ते जमतही नाही."