बीज-पुनवेला रुसणारं यंत्र

वढवाणच्या करसनभाई बारोटांना कोणी त्यांचं वय विचारलं, तर ते आधी विचारणाऱ्याच्या आजोबांचं वय सांगत. धंदाच तो होता. अकरा गावच्या पटेलांच्या वंशावळी सात पिढ्या त्यांच्या घरात लिहिल्या जात होत्या. कोणाला मुलगा झाला, कोण कुठे दत्तक गेला, कोण आफ्रिकेत जाऊन परत आला नाही, सगळं वहीत. पटेल एखाद्या वर्षी देवाचा नवस विसरत, पण बारशाचे पेढे बारोटाकडे वेळेवर पोचत. वहीत नाव चढलं नाही, तर पोरगं जन्मलंच कशावरून?

आठ वर्षांपूर्वी वहीला वाळवी लागली. करसनभाईंनी कॉम्प्युटर घेतला, दोन बोटांनी दोन वर्षं बडवून सगळी नावं त्यात घातली, आणि जुन्या वह्या रीतीप्रमाणे नर्मदेत सोडल्या. रीत मात्र त्यांनी यंत्रालाही लावली. वही उंबरा ओलांडत नाही, म्हणून कॉम्प्युटर दुकानात जाणार नाही. वहीची नक्कल परक्या हातानं होत नाही, म्हणून नक्कलच नाही. मुलगा सुरतेहून फोनवर डोकं आपटायचा. करसनभाई म्हणायचे, डोकं जपून आपट, तेही वहीत एकदाच चढलंय.

आणि हे यंत्र आता रुसू लागलं होतं. कधी बटण दाबलं की पंखा गरगरे, पडदा उजळे आणि खटकन सगळं बंद. कधी काहीच होत नसे. कधी पाचव्या पिढीवर बोट असताना अंधार. संध्याकाळी तेच यंत्र गरीब गाईसारखं चाले. अखात्रीज, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली होती. त्या दिवशी अकरा गावचे पटेल अंगणात जमणार, नवी नावं चढणार, मूळपुरुषापासून वाचन होणार. वाचन झालं नाही तर गावं लिंबडीच्या मुळुभाई बारोटाकडे जातील, हे पटेलांनी गेल्याच वर्षी हसत हसत सांगितलं होतं. पटेल हसत सांगतात ते करतात, हे करसनभाईंना सात पिढ्यांच्या अनुभवानं ठाऊक होतं.

स्टेशन रोडचा कॉम्प्युटरवाला जिग्नेश तीनदा येऊन गेला होता. पहिल्यांदा त्यानं वीज पुरवणारा डबा बदलला, दुसऱ्यांदा रॅम, तिसऱ्यांदा घराच्या वायरिंगलाच नावं ठेवली. प्रत्येक वेळी पाच-सहा दिवस यंत्र ठीक चाले. जिग्नेशचा आत्मविश्वास तेवढ्यावर महिनाभर पुरे.

शेवटी करसनभाईंनी एका सकाळी वोरावाडातून, बोहऱ्यांच्या वस्तीतून, नफीसाबेनना बोलावलं. पन्नाशीची बाई, बापाच्या रेडिओच्या दुकानात वाढलेली, अंगावर फुलाफुलांची रिदा, म्हणजे बोहरी बायकांचा बुरखा, आणि कमरेला किल्ल्यांसारखा पेचकसांचा जुडगा. जुडग्याला हात न लावता त्या बसल्या, करसनभाईंच्या पत्नी रतनबेन यांनी दिलेला चहा बशीत ओतून प्यायल्या आणि म्हणाल्या, "कधीकधी बंद पडतं असं सगळेच सांगतात. मला कधी ते सांगा."

करसनभाईंचा चेहरा उजळला. उभ्या आयुष्यात त्यांना असं विचारणारं कोणी भेटलं नव्हतं. त्यांनी फडताळातून चोपडी काढली. यंत्राचं प्रत्येक रुसणं त्यात तिथीवार नोंदलेलं होतं: चैत्र सुद बीज, सकाळी, चारदा. चैत्र सुद सातम, सकाळी, एकदा. जिग्नेशनं ही चोपडी पाहून, काका, भविष्य पण बघता का, असं विचारलं होतं. नफीसाबेननी चष्मा लावला आणि अर्धा तास वाचत बसल्या. मधेच एकदा म्हणाल्या, आमच्या दुकानात अशी नोंद ठेवणारं एक जरी गिऱ्हाईक असतं, तर अब्बांचे केस इतक्या लवकर पिकले नसते. करसनभाईंनी हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि स्वतःच्या मिशीवरून हात फिरवला.

मग नफीसाबेननी यंत्र सुरू केलं आणि त्या बोटं मोजू लागल्या. पाचव्या बोटाला बंद. पुन्हा सुरू, पुन्हा पाचव्या बोटाला बंद. तिसऱ्यांदा तेच.

"गरम होऊन बंद पडणारं यंत्र घड्याळ लावून बंद पडत नाही, करसनभाई. याचं बटण कोणीतरी दाबून धरलंय."

"कोणी?"

"ते बघू. बटण पाच मोजेपर्यंत दाबून ठेवलं, तर हे बंद होतं. तशी सोयच आहे त्यात."

त्यांनी झाकण उघडलं, बटणापासून आत जाणारी बारीक वायर उपटली आणि जिथून उपटली तिथल्या दोन काट्यांना पेचकसाचं टोक नुसतं टेकवलं. यंत्र उठलं. बंद केलं, पुन्हा टेकवलं, पुन्हा उठलं. असं वीस वेळा झालं. करसनभाई मनात मोजत होते. एकदाही चूक नाही. म्हणजे डबा निर्दोष, रॅम निर्दोष, घराच्या वायरिंगचीही सुटका. उरलं ते एक बटण.

नफीसाबेननी पुन्हा चोपडी उघडली. सगळ्या नोंदी सकाळच्या. बीज आणि पूनम, म्हणजे द्वितीया आणि पौर्णिमा, आली की दुप्पट. त्यांनी विचारलं, जिग्नेश आला की आधी काय करायचा? आधी काय करणार, करसनभाई म्हणाले, ओल्या फडक्यानं पुढचा भाग पुसायचा, घाणीत हात घालत नाही म्हणायचा. नफीसाबेन गालात हसल्या. मग हलकेच विचारलं, बीजेला आणि पुनवेला या घरात सकाळी काय असतं?

करसनभाईंना उत्तर ठाऊक होतं. ते रोज समोर दिसत होतं, म्हणूनच कधी दिसलं नव्हतं. वहीला रोज कुंकवाचा टिळा लागायचा. वही गेली, यंत्र आलं. टिळा कुठं लावायचा? रतनबेनना बटण दिसलं, गोल, अगदी मधोमध, कपाळासारखं. वर्षानुवर्षांच्या थरांनी फट भरत आली होती; आता सकाळचं ओलं कुंकू तीत उतरायचं, बटण आत अडकायचं, आणि दुपारपर्यंत सुकून मोकळं व्हायचं. जिग्नेशच्या ओल्या फडक्यानं पाच-सहा दिवस आराम पडायचा, एवढंच. बीज-पुनवेला वर पूजेचे तांदूळही चिकटायचे.

रतनबेन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू सात पिढ्या त्यांनीच बुडवल्या. करसनभाईंचं तोंड उघडलंही होतं. पण नफीसाबेननी आधी विचारलं, "रतनबेन, वहीला टिळा कुठं लावायच्या? पानावर?"

"पानावर कसा? अक्षरं जातील. पुठ्ठ्यावर."

"मग याचा पुठ्ठा कोणता?"

रतनबेननी पदर सावरला, पुढे येऊन यंत्राभोवती एक फेरी मारली, आणि डोक्यावरच्या पत्र्यावर, उजव्या कोपऱ्यात, बोट ठेवलं. नफीसाबेननी मान डोलावली. बटण खोलून, स्पिरिटनं धुऊन, फटीतले चार तांदूळ टाचणीनं काढून त्यांनी ते परत बसवलं. करसनभाईंनी उघडलेलं तोंड मिटलं. आपण काय बोलणार होतो, याची त्यांना नंतर बरीच लाज वाटली.

जाताना नफीसाबेननी नकलेचा विषय काढला. करसनभाई ताठ झाले. "परक्या हातानं नाही," ते म्हणाले.

"परक्या हाताचं कोण बोलतंय? हात तुमचाच." त्यांनी पिशवीतून कोरा पेनड्राइव्ह काढून त्यांच्या तळहातावर ठेवला, खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं आणि तिथूनच एकेक पायरी सांगू लागल्या. पडद्यावर अकरा गावांची कुळं एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकत होती, आणि ती बाई पाऊण तास भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसली होती. एकदाही मान वळली नाही. करसनभाईंनी आयुष्यभर यजमानांच्या तोंडून रीतीचं कौतुक ऐकलं होतं. रीत पाळणारं परकं माणूस ते पहिल्यांदा बघत होते.

अखात्रीजेला अंगण भरलं. वाचन सकाळी सुरू झालं, मूळपुरुषापासून थेट गेल्या महिन्यात जन्मलेल्या तेवीस बाळांपर्यंत, आणि जेवणाची पंगत वाट बघत राहिली. यंत्रानं एकदाही डोळा मिटला नाही. वाचन संपल्यावर खोडू गावचे जेराम पटेल मिशीत हसत म्हणाले, "बारोटजी, तुमची आजारी पडलेली वही कोणी उठवली? आम्ही तर मुळुभाईला निरोप धाडायच्या बेतात होतो."

दुसऱ्या कोणी दुरुस्त केलं असतं, तर करसनभाईंनी यंत्राचंच तेज सांगितलं असतं, निदान आपलं तरी. ते उठून उभे राहिले आणि दारापर्यंत ऐकू जाईल अशा, वाचनाच्याच आवाजात म्हणाले, "वोरावाडाच्या नफीसाबेन, रेडिओवाले फिदाहुसेन यांच्या कन्या. नोंद मी लिहिली होती, पटेल. वाचली त्यांनी."

अकरा गावांनी मान डोलावली. बारोटानं बापाच्या नावासकट नाव घेतलं, की त्यावर तिथं कोणी शंका काढत नाही.