काइनाच्या बायकोचं बेट

“ते सगळं ठीक. पण काइनाला बायको मिळाली कुठून?”

विचारणारा तेआबो म्हातारा. दर तीन महिन्यांनी हा प्रश्न त्याला नव्याने पडायचा. रविवारी दुपारी पोटात भात-मासळी पडली, की सगळं गाव मानेआबात, म्हणजे आमच्या सभाघरात, चटया टाकून बसे आणि पवित्र शास्त्राबद्दल, बायबलाबद्दल, ज्याला जे सुचेल ते विचारी. उत्तरं द्यायची बाउरोनं. चाळीस वर्षं तो मंडळीचा उपदेशक होता, आणि या चाळीस वर्षांत “ठाऊक नाही” हे दोन शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते.

आता बाउरोनं मेंढी कधी पाहिली नव्हती. आमच्याकडे मेंढी नाहीच. पण तो मेंढीचं असं वर्णन करायचा, की ऐकून गावातली डुकरं आठवडाभर मान खाली घालून फिरायची. नोहाच्या तारवाची लांबी त्यानं एकदा पावलं टाकून मोजून दाखवली, तर बेट संपलं आणि उरलेलं तारू त्याला कमरेएवढ्या पाण्यात उतरून मोजावं लागलं. शास्त्र कुणी लिहिलं? “पुष्कळांनी. हजार वर्षांहून जास्त चाललं होतं लिहिणं. एवढ्या वेळात तुमच्याच्यानं एक होडी पुरी झाली नसती!”

काइनाचा प्रश्न मात्र आमच्यात थट्टेचा नाही. आदाम-हव्वा ही पहिली माणसं, काइन त्यांचा थोरला; मग बाकीची लेकरं म्हणजे सगळी भावंडंच. आणि आमच्याकडे चार पिढ्यांमागचं नातं निघालं तरी ठरलेलं लग्न मोडतं. म्हाताऱ्या बायका बोटांवर वंश मोजत बसतात.

“कितीदा सांगू, तेआबो?” बाउरो आरामात म्हणाला. “वाऱ्याच्या आडोशाला एक बेट होतं. लहानसं. तिथली पोरगी. नात्यातली नव्हे.”

“हां! बेटावरची,” तेआबो समाधानानं मागे रेलला.

“काका, असं कुठं लिहिलंय?”

हा बेरेती. नवा पाळक, पाठशाळेतून शिकून आलेला. नम्र पोरगा, पण खोटं दिसलं की डोळ्यांत कुसळ गेल्यासारखा चुळबुळायचा.

“आडोशाच्या बेटाचं म्हणतोय मी. मला कुठं सापडलं नाही.”

“नीट शोध.”

“शोधलं, काका. शास्त्र बायकोबद्दल एवढंच सांगतं, की होती. बाकी काही नाही.”

मग कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळेच हसले.

“चाळीस वर्षं आम्ही त्या बेटावर लग्नाला जातोय की रे!” तेआबो ओरडला. “होडीभाडं दे परत!”

बाउरोही हसला. असल्या हसण्यानं त्याचं काय जाणार होतं? पण बायकांच्या बाजूला रुता हसत नव्हती. ती उठली, वाकून पुरुषांच्या रांगेसमोरून आली आणि त्याच्या चटईच्या कडेला बसली.

“बाउरोदादा, मी बुबुती मागते.”

हसणं थांबलं. बुबुती म्हणून काही मागितलं, तर आमच्यात नाही म्हणता येत नाही. अंगावरचा सदरा मागितला तरी काढून द्यावा लागतो.

“माग, बाई.”

“काइनाचं बेट तू केलंस. मग माझ्या तेकाईचं बेट?”

बाउरोनं खाली पाहिलं. तेकाई तिचा एकुलता एक. अकरा वर्षांपूर्वी मासळीला गेला तो होडीसकट परतला नाही. सहाव्या दिवशी रुतानं अन्न सोडलं होतं. तेव्हा बाउरो तिच्या उंबऱ्याशी बसून म्हणाला होता, प्रवाह उत्तरेला आहे, तिकडे बेटं आहेत, वाहत गेलेली पोरं तिकडे लागतात, तेकाईही लागला असेल, येईल एखाद्या जहाजानं. रुता जेवली होती. त्या दिवसापासून दर जहाजाला ती धक्क्यावर जायची, आणि घरात तेकाईची चटई झटकून पुन्हा घालायची.

“खरं सांग. तेच मागतेय.”

बेरेतीनं काही बोलायला तोंड उघडलं. तेआबोनं त्याचा गुडघा दाबला.

“ते मी केलं,” बाउरो म्हणाला. “तू जेवत नव्हतीस.”

“मग तो कुठं आहे?”

बाउरोनं चटईवरचं शास्त्राचं पुस्तक मांडीवर ओढलं. एरवी एवढ्या वेळात त्यानं तीन बेटं वसवली असती, त्यांवर माड लावून नीराही काढली असती.

“ठाऊक नाही, रुता.”

रुता पुस्तकाकडे बोट करून म्हणाली, “आणि त्यात? त्यात माझ्या पोरासारख्यांचं काही आहे? खरोखर लिहिलेलं?”

बाउरोनं शेवटची पानं उलटली. बोट ठेवलं, आधी ते बेरेतीला दाखवलं. बेरेतीनं मान डोलावली, तेव्हा कुठं त्यानं वाचलं. लिहिलं होतं ते एवढंच, की शेवटच्या दिवशी समुद्र आपल्यातले मेलेले परत देतो.

“मेलेले,” रुता म्हणाली.

“हो.”

“परत देतो म्हणजे कुणाकुणाला त्यानं सांभाळलंय ते त्याला माहीत असणार.”

“तसंच लिहिलंय, बाई. मी काही घातलेलं नाही.”

तिनं खांद्यावरचं फडकं तोंडाशी धरलं, आणि ती अकरा वर्षांत पहिल्यांदा, सगळ्यांदेखत, मुलाला मोठ्यानं हाक मारून रडली. कुणी तिला गप्प केलं नाही.

ऊन कलायच्या आत घराघरांतून चटया निघाल्या. आमच्याकडे मेलेल्याजवळ तीन दिवस बसतात. अकरा वर्षं उशीर झाला म्हणून कुणी एक दिवस कमी धरला नाही. बायकांनी रुताच्या घरात कडेनं चटया घातल्या. मधली, तेकाईसाठीची, सगळ्यांत बारीक विणीची, रुतानं स्वतः आणली आणि हातानं सुरकुत्या काढत पसरली.

बाउरो उशापाशी बसला. आलेला प्रत्येक माणूस वाकून त्या रिकाम्या चटईला वळसा घालून जात होता.