ट्यूबावाल्याची खुर्ची

आत्याने हयातभर वाद्यवृंदाचे कागद लिहिले. मूळ स्वरलिपीत सगळी वाद्यं एकाखाली एक असतात. त्यातून ज्याचं त्याचं वेगळं काढायचं, आणि पान अशा जागी संपवायचं की उलटायला वादकाचा हात मोकळा असेल. आता डोळे साथ देईनात, म्हणून या खेपेला सगळा संच तिच्या भाचीने, चिमणीने केला होता. संचालकांनी बजावलं होतं, तालीम धड झाली तर काम चिमणीकडे, नाहीतर बाहेर.

तालमीच्या दिवशी आत्या संचालकांच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसली. पानं वेळेवर उलटली, कुणी अडखळलं नाही. मग ट्यूबावाला, म्हणजे ते भलंमोठं पितळी वाद्य फुंकणारा, चुकला.

त्याला बराच वेळ गप्प बसायचं असतं. आपली पाळी कळावी म्हणून त्याच्या कागदावर, सुरुवातीच्या आधी, दुसऱ्या वाद्याची ओळ बारीक अक्षरात लिहितात. चिमणीने बासरीची लिहिली होती. पुन्हा वाजवलं, तो पुन्हा चुकला.

"चिमणे," तो म्हणाला, "तुझी बासरी कागदावर फार गोड आहे गं. ऐकवतेस कधी?"

सगळे हसले. संचालकांनी कपाळाला हात लावला. आत्याच्या जिभेवर उत्तर आलं होतं, पण तिने ते गिळलं. आयतं दिलेलं टिकत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

चिमणी कानापर्यंत लाल झाली होती. तरी ती उठली, ट्यूबावाल्याला बाजूला व्हायला सांगितलं आणि त्याच्या खुर्चीत जाऊन बसली. तोच भाग पुन्हा वाजवायची तिने विनंती केली. शेजारी ढोल दणाणला. त्यात बासरी कुठल्या कुठे विरून गेली.

तिने पेन्सिलीने बासरी खोडली आणि ढोलाचे ठोके लिहिले. पुढच्या खेपेला ट्यूबा अगदी वेळेवर घुमला.

संचालक मागे वळून म्हणाले, "तुम्हीच शिकवलंत ना हे?"

"छे हो. मी वादकांची बोलणी खाऊन शिकले. त्या खुर्चीत जाऊन बसायचं मला जन्मात सुचलं नाही."

बोलताना आत्याची मान आपोआप ताठ झाली. संचालकांनी पुढच्या कार्यक्रमाची स्वरलिपी तिच्याकडे सरकवली. तिने त्या कागदांना हातही न लावता चिमणीकडे बोट दाखवलं.

चिमणीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती शेजारच्या वादकाला म्हणत होती, "काका, उठा जरा. तुमच्या जागेवरून काय ऐकू येतं, बघू दे."