लोभाची पिवळी काच

माणसाच्या आत्म्याला सात पापांचा वेढा पडलेला असतो आणि त्यांत लोभ सगळ्यात चिवट, असं फादर चर्चच्या मधोमध उभे राहून म्हणाले, तेव्हा आवाज थेट छतापर्यंत घुमला. काचवाल्याने मान डोलावली. त्याचं लक्ष मात्र प्लायवूड ठोकलेल्या खिडकीकडे होतं.

बाकीची सहा पापं रंगीत काचेत चढून बसली होती. आळस तर इतका जमला होता की झाडलोट करणारी बाई नेमकी त्याच्याखालीच टेकायची. अडला होता फक्त लोभ. चित्रात त्याच्या मांडीवर असलेल्या पैशांच्या थैलीला सोनेरी पिवळी काच हवी होती, आणि तशी काच जगात एकच, अशी काचवाल्याची खात्री होती. त्याला हे काम शिकवणाऱ्या सासऱ्यांनी मरण्यापूर्वी ती त्याच्या हातात दिली होती. तेव्हापासून ती जुन्या चादरीत गुंडाळून पलंगाखाली होती. तिच्यावर काच कापायचा हिरा चालवायचा म्हटलं की तो हात मागे घ्यायचा. बाजारातून त्याच मापाची पिवळी आणून ठेवली होती, पण ती लावायलाही मन धजेना. रविवारी बिशप येणार होते. खिडकी रिकामी दिसली की त्यांच्या मोठ्या चर्चचं काम हातचं गेलंच.

"फादर, ही यादी आधी आठांची होती म्हणता ना?"

"हो. जुने संन्यासी आठ मोजायचे. पुढे खिन्नता आळसात घातली, थोडी उलथापालथ केली, सात झाली."

"मग लोभ खादाडपणात घाला की. दोघांचंही पोट भरत नाही."

"अरे बाबा, काही जण तर लोभालाच सगळ्यांचं मूळ मानतात. तेच काढलं तर बाकीची सहा कशावर उभी राहणार?"

"काचा धरणाऱ्या शिशाच्या पट्ट्यांवर," काचवाला पुटपुटला.

घरी आल्यावर तो खुर्चीत बसला, उठला, खिडकीपाशी गेला, परत पलंगापाशी आला.

"अहो, अंगात मुंग्या शिरल्यात का?" बायको म्हणाली. "बाबांची काच सोडवत नाहीये, एवढंच ना? त्यांनी ती लावायला दिली होती. त्यावर झोपायला नव्हे."

"अगं, तसा रंग पुन्हा व्हायचा नाही. नुसता मध!"

"शेवटचा कधी बघितलात?"

पडेल, फुटेल म्हणून त्याने ती एकदाही उजेडात धरली नव्हती.

बायकोने ओणवं होऊन चादर ओढली आणि काच त्याच्या हातात दिली. त्याने ती खिडकीशी धरली. मग बाजारातली धरली. मग दोन्ही धरल्या, डावी उजवीकडे, उजवी डावीकडे, टेबलावर ठेवल्या, पुसल्या, पुन्हा उचलल्या. भिंतीवर दोन पिवळे चौकोन हलत राहिले.

"छान आहे की," बायको म्हणाली. "यातली बाबांची कुठली?"

त्याने कडा चाचपल्या. टिचकी मारून पाहिली. वास घेतला.

"थांब जरा," तो म्हणाला.

शनिवारी दोहोंतली एक कापली गेली. दुसरी चादरीत गुंडाळून पलंगाखाली ठेवली.